शेत-परस, वाचक विचारतात : कोबीच्या कडेवरचा पिवळा कोन

या महिन्याच्या टपालात कोबी, फुलकोबी आणि नवलकोल यांनीच जागा अडवली आहे. दिवाळीच्या सुमारास लावलेली रोपं आता पसरू लागली, आणि जाता जाता पाऊस पुन्हा दोन-चार दिवस येऊन गेला, त्याचा हा परिणाम. काहींनी पानंही पाठवली आहेत, पण ओलीच, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. माझ्या हाती येईपर्यंत त्यांचा लगदा होतो, आणि लगद्यावरून रोग सांगणं कुणालाच जमायचं नाही. पान पाठवायचं तर पुसून कोरडं करा आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. फोटो काढणार असाल तर पान उन्हाकडे धरा, म्हणजे मागून उजेड येईल. मला शिरा दिसल्या पाहिजेत.

प्रश्न : सरदाचं (पावसाळी) भात कापल्यावर शेतात वाफे करून कोबी लावला. रोपं ओळखीच्या माणसाकडून आणली, दिसायला एकदम सुरेख होती. महिन्याभरानं खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. दुकानात पान दाखवलं तर आधी बुरशीचं औषध दिलं. फरक पडला नाही, तेव्हा ‘जिवाणूची पावडर’ दिली. आता तिसरं काहीतरी महागाचं घ्या म्हणतात. पाणी मी रोज संध्याकाळी पंपाला पाइप लावून वरून मारतो. आता नेमकं काय फवारू?
— एक शेतकरी, मये (डिचोली)

उत्तर : काका, तिसरं औषध घेऊ नका. आधी एक पान तोडून हातात घ्या आणि मी सांगते ते बघा.

पिवळेपणा पानाच्या कडेपासून सुरू होऊन आत मधल्या शिरेकडे निमुळता होत गेलाय का? म्हणजे रुंद बाजू कडेला आणि टोक आत, असा कोन. तसं असेल तर पान सूर्याकडे धरा. त्या पिवळ्या भागातल्या बारीक शिरा काळ्या पडलेल्या दिसतील, जाळीसारख्या. मग त्याच पानाचा देठ आडवा कापा. कापावर काळे ठिपके, किंवा रोग खोडापर्यंत पोचला असेल तर खोडाच्या कापावर काळं कडं दिसेल. पिवळा कोन, काळ्या शिरा आणि कापावरचा काळेपणा या तिन्ही खुणा जुळल्या तर शंका धरू नका, ही काळी कूज. घाटावरचे शेतकरी तिला घाण्या रोग म्हणतात. कारण आहे झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस नावाचा जिवाणू. तो बुरशी नव्हे, म्हणून पहिल्या बाटलीचे पैसे गेले ते गेलेच.

कडेपासूनच का, हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोबीच्या पानात शिरा जिथे कडेला संपतात तिथे अगदी सूक्ष्म छिद्रं असतात. रात्री जमीन ओली आणि हवा दमट असली की मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी या छिद्रांतून थेंबाथेंबानं बाहेर येतं. उजाडता उजाडता शेतात गेलात तर पानाच्या कडेनं थेंबांची रांग लागलेली दिसेल. दंव पानभर पसरतं, हे थेंब फक्त कडेला असतात. पानावर जिवाणू असला तर तो या थेंबात पोहतो. ऊन चढू लागलं की त्यातलं थोडं पाणी पान पुन्हा आत ओढून घेतं आणि त्याबरोबर जिवाणू थेट शिरेत जातो. तिथून तो वाढत वाढत खोडाकडे सरकतो. शिरेत तयार होणाऱ्या चिकट द्रवानं पाणी तुंबतं, म्हणून त्या शिरेवर अवलंबून असलेला कडेचा तुकडा पिवळा पडून सुकतो. हा तुमचा कोन.

आता तुमचं संध्याकाळचं पाणी बघा. वरून मारलेल्या पाण्याचे शिंतोडे रोगट पानावरून शेजारच्या पानावर उडतात. संध्याकाळी मारल्यामुळे पान रात्रभर ओलं राहतं, आणि ओल्या जमिनीमुळे कडेला थेंबही जास्त येतात. त्यात आपल्या गोव्याची ऊब. या जिवाणूला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान सगळ्यात मानवतं आणि आपल्या हिवाळ्यातले दिवस नेमके तेवढेच असतात. रोग तुमच्याकडे कुठूनही आलेला असो, घरोघरी पोचवण्याचं काम तुमच्या पाइपानं केलं आहे.

तेव्हा आजपासून पाणी सकाळी, मुळाशी, सरीतून. पाइपच वापरायचा असेल तर तोंडाला कापड बांधून तो जमिनीवर सोडून ठेवा, वर धरू नका. दुपारी पानं पूर्ण वाळल्याशिवाय शेतात शिरायचं नाही. खुरपणी, खत, पानं तोडणं, सगळं कोरड्यात. काम निरोगी वाफ्यापासून सुरू करा आणि रोगट वाफा शेवटी घ्या, कारण ओला हात आणि कोयता हीसुद्धा या जिवाणूची वाहनं आहेत. गड्डा धरण्याआधीच ज्यांच्या खोडापर्यंत काळेपणा गेला आहे ती रोपं उपटा. ती बांधावर टाकू नका, वाळवून जाळा किंवा लांब खड्ड्यात पुरा. ज्यांची फक्त खालची दोन-चार पानं गेलीत त्यांची ती पानं कोरड्या दुपारी काढा आणि रोपं ठेवा. अशा रोपांचे गड्डे बऱ्याचदा विकण्याजोगे निघतात, थोडे लहान भरतील एवढंच. युरियाचा हात आखडा. कोवळी, लुसलुशीत वाढ त्याला आवडते.

फवारणी हवीच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, चिकटद्रव्य घालून. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी घरंगळून जातं. तांबं पानाच्या पृष्ठभागावरचा जिवाणू मारतं. शिरेत गेलेल्याला ते हात लावू शकत नाही. म्हणजे त्यानं निरोगी पानं काही काळ वाचतील, पिवळं पान हिरवं होणार नाही. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

राहिली ती ‘पावडर’. वर्णनावरून ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचं मिश्रण दिसतं. जुन्या पुस्तिकांत त्याची शिफारस सापडते, मला माहीत आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं आणि क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक ठरलं. माणसांसाठीचं असं औषध भाजीवर उडवत राहिलं की त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होतात, शेतातही आणि पुढे इस्पितळातही. केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात त्याचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्यानं थांबवण्याचा मसुदा काढला होता. उरलेली पुडी वापरू नका. कोबीच्या भाजीसाठी एवढं मोल देण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचं शेत खाजनाला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीला) लागून आहे. फुलकोबीच्या जवळजवळ सगळ्या रोपांच्या पानांच्या कडा एकाच आठवड्यात करपल्या. हाच तो रोग का?
— एक वाचक, चोडण

उत्तर : बहुतेक नाही, आणि तुमच्या पत्रातच उत्तर आहे: सगळ्या रोपांच्या आणि एकाच आठवड्यात. जिवाणूचा रोग असा हजेरीपटाप्रमाणे येत नाही. तो एका कोपऱ्यात चार रोपांवर दिसतो, मग पाण्याच्या वाटेनं पसरतो. एका रोपावरही एका बाजूची पानं आधी जातात. सगळीकडे एकदम आणि पानाची पूर्ण कड वाळली असेल, कोन नसेल, शिरा काळ्या नसतील, तर खारं पाणी झिरपलंय का ते बघा. मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) फळ्या गळत असतील, विहिरीचं पाणी मचूळ झालं असेल. भरतीनंतर चाखूनही कळतं. खत रोपाच्या अगदी बुडाशी पडलं तरी असंच होतं.

याच जागी फसवणारे आणखी दोघे-तिघे आहेत. पानावर गोल डाग आणि त्यात वर्तुळात वर्तुळ दिसलं तर तो अल्टरनेरियाचा करपा, बुरशी. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट लव असेल तर केवडा रोग. पानाची एकच बाजू पिवळी, रोप त्या बाजूला वाकडं, पण शिरा काळ्याऐवजी तपकिरी आणि सुरुवात कडेऐवजी बुडाकडून, तर फ्युजेरियमची मर. फुलकोबीचं खोड आतून पोकळ आणि गड्ड्यावर तपकिरी छटा असेल तर बोरॉन कमी आहे. आपल्या जांभ्याच्या मातीत, एवढ्या पावसात, ते धुऊन जातंच. लावणीआधी चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पुरतं. जास्त घालू नका, बोरॉनचा अतिरेक विषारी होतो.

नक्की ठरत नसेल तर रोप मुळासकट घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. उत्तरेकडच्यांना जुने गोवे, दक्षिणेकडच्यांना मडगाव. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या शिरेतून जिवाणूंचा लोट बाहेर पडताना दिसतो, मग वादच उरत नाही.

प्रश्न : कुळागरात पोफळीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो, ते दरवर्षी थोडं उरतं. घराकडच्या कोबी-नवलकोलावर मारलं तर चालेल का? तांबंच ना शेवटी.
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : नको. बोर्डो ज्या दिवशी कालवलं त्याच दिवशी संपवायचं असतं. ठेवलं की ते फाटतं, चिकटपणा जातो. शिवाय पोफळीच्या घडांना तुम्ही एक टक्क्याचं मारता, ते कोबीच्या कोवळ्या रोपांना पोळतं. आणि तुमची पोफळीची फवारणी पावसाच्या तोंडावर आणि पावसात, कोबी त्यानंतरचा. मग ‘उरलेलं’ म्हणजे किती दिवसांचं, हे मी विचारतच नाही.

प्रश्न : बी विकत घेताना रोगट आहे की नाही हे कसं ओळखावं? कोमट पाण्यात बुडवून रोग जातो असं ऐकलं. नेमकं कसं करायचं? शाळेच्या परसबागेसाठी मुलांसोबत करून बघणार आहे.
— एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : बाई, बघून ओळखता येत नाही. रोगट बी टपोरं, गोल, चकचकीतच दिसतं. आणि फार लागतंही नाही. दहा हजार बियांत तीन रोगट असल्या तरी हवा साथ देत असेल तर शेतभर रोग होऊ शकतो. म्हणून ओळखण्याच्या मागे लागू नका, बी शेकून घ्या. कोमट नव्हे, गरम, आणि तेही मोजून.

पाणी बरोबर ५० अंश सेल्सिअस. कोबीला २५ मिनिटं, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल यांना २०. ४७-४८ अंशांवर जिवाणू वाचतो, ५३-५४ अंशांवर बी मरू लागतं. जागा एवढीच आहे. घरातला तापमापक चालायचा नाही, तापाचा ४२ च्या पुढे जात नाही. स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा घ्या, तुमच्या विज्ञानाच्या कपाटात असेलच. पातेल्यात तापमान सारखं खाली-वर होतं, म्हणून रुंद तोंडाचा थर्मास वापरा. आधी त्यात गरम पाणी घालून तो आतून तापवून घ्या, ते ओता, मग ५० अंशांचं पाणी भरा.

बी मलमलच्या फडक्यात सैल बांधा, घट्ट बांधलं तर आतलं बी थंडच राहतं. पुरचुंडी आधी दहा मिनिटं ३७-३८ अंशांच्या पाण्यात ठेवा. थंड बी एकदम टाकलं की मोठ्या पाण्याचंही तापमान खाली येतं, ते यानं टळतं. मग थर्मासात, अधूनमधून हलवत. वेळ झाली की लगेच गार पाण्यात पाच मिनिटं, मग कागदावर सावलीत पसरून कोरडं. मुलांना घड्याळ आणि तापमापक सांभाळायला द्या, गरम पाणी तुम्ही ओता.

तीन गोष्टींत हे करू नये. रंगीत लेप लावलेलं किंवा औषध चोळलेलं पाकिटातलं बी असेल तर नको; लेप धुऊन जातो आणि हाताला औषध लागतं ते वेगळंच. जुनं बी असेल तर नको, ते उष्णता सोसत नाही. आणि पुढच्या वर्षासाठी शेकून ठेवू नका, लागेल तेवढंच, पेरणीच्या आधी. सगळं बी बुडवण्याअगोदर पन्नासेक बियांवर प्रयोग करून उगवण बघा. थोडी उगवण कमी होतेच.

शंभर टक्के खात्री यानंही मिळत नाही, म्हणून रोपांवर नजर हवी. कोवळ्या रोपाच्या पहिल्या दोन दलांच्या कडा काळ्या पडून ती गळत असतील, तर ते रोप आणि त्याच्या आजूबाजूची रोपं काढून टाका, बाकीची शाबूत दिसत असली तरी. रोपवाटिकेत रोपं दाटीनं असतात आणि झारीचं पाणी वरून पडतं. लावणीनंतर महिन्यानं जो रोग शेतात दिसतो, तो बहुतेकदा या दोन हात जागेतच लागलेला असतो. मयेच्या काकांना सुरेख दिसलेली रोपं मला याच कारणानं संशयास्पद वाटतात. रोपं गादीवाफ्यावर, विरळ. वाफा दरवर्षी नव्या जागी, आणि शक्य असेल तर वर पावसापासून आडोसा. बाहेरून रोपं आणायची तर बियांची जात आणि बी शेकलं होतं का हे विचारा. विकणारा उत्तर देताना अडखळला तर दुसरीकडे जा.

बी घेताना जातीकडेही बघा. कोबीत ‘पुसा मुक्ता’ ही काळ्या कुजीला दाद न देणारी म्हणून काढलेली जात आहे. फुलकोबीत ‘पुसा शुभ्रा’चं तसंच नाव आहे. ‘पुसा स्नोबॉल के-१’ हीसुद्धा रोगाला बऱ्यापैकी टिकते, पण ती थंड मुलखातली. आपल्याकडच्या उबदार रात्रींत तिच्याकडून गड्ड्याची अपेक्षा करू नये.

प्रश्न : १) मागच्या वर्षी कोबीला काळी कूज होती. यंदा त्याच जागेत काय लावू? चतुर्थीसाठी तिथेच मुळा केला होता, तो छान आला. २) अळीसाठी कोबीत मोहरीच्या ओळी घाला म्हणतात. घालू का? ३) शेजारच्या वाफ्यातली वांगी उभ्या उभ्या कोमेजून मरतात. तोच जिवाणू का?
— एक वाचक, केपे

उत्तर : मुळ्यातच घोटाळा आहे. पावसाळ्यात मुळा, तो काढला की त्याच ओल्या भुसभुशीत जागेत कोबी किंवा नवलकोल, ही आपल्या परसांतली जुनी चाल. पण मुळा, मोहरी, सलगम, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल हे सगळे एकाच कुळातले. या जिवाणूला त्यातला कुठलाही चालतो. मुळा छान आला म्हणजे जागा स्वच्छ झाली असं नाही. तुम्ही फक्त पाहुण्याला पावसाळाभर जेवू घातलंत.

जिवाणू नुसत्या मातीत फार काळ टिकत नाही, काही आठवड्यांत संपतो. टिकतो तो कोबीच्या न कुजलेल्या देठांत, खुंटांत, पानांत. ते पूर्ण कुजेपर्यंत तो आत सुरक्षित असतो, एखाद-दोन वर्षंसुद्धा. म्हणून काढणी झाल्यावर खुंट शेतात उभे ठेवायचे नाहीत. उपटून, तुकडे करून, खोल गाडून कुजवायचे. आणि त्या जागेत दोन-तीन वर्षं या कुळातलं काही नको. अळसांदे (चवळी), भेंडी, मिरची, तांबडी भाजी, रताळी, हवं ते लावा. ज्यांच्याकडे सरदाची शेतं आहेत त्यांचं भाग्य मोठं. भात वेगळ्याच कुळातलं, आणि चार महिने चिखलात राहून जुने देठ कुजून जातात. परसात अशी सोय नाही. जागा लहान असेल तर परसाचे तीन भाग करा आणि कोबीवर्गाला दरवर्षी पुढच्या भागात सरकवा. चतुर्थीचा मुळाही त्याच भागात धरा. पाण्याचा उतार मात्र बघा. यंदाच्या कोबीतून वाहणारं पाणी पुढच्या वर्षीच्या भागात उतरत असेल तर काय उपयोग.

मोहरीचं उत्तर सरळ नाही. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची मादी मोहरीवर अंडी घालते आणि कोबी वाचतो, हे खरं. कोबीच्या २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी ही शिफारस जुनी आणि चांगली आहे. पण मोहरी काळ्या कुजीलाही आसरा देते. मोठ्या, स्वच्छ शेतात मी मोहरी घालीन. मागच्या वर्षी रोग झालेल्या छोट्या जागेत घालणार नाही. तिथे अळ्या हातानं वेचा, निंबोळी अर्क मारा. अळ्यांकडे दुर्लक्ष मात्र नको. त्यांनी पाडलेलं प्रत्येक भोक जिवाणूला दार आहे.

वांग्याचा रोग वेगळा. तो राल्स्टोनियाचा, जिवाणूजन्य मर. वांगी, टोमॅटो, मिरची यांना होतो, कोबीला नाही. खात्री करायची तर मरणाऱ्या वांग्याचं खोड बुडाशी तिरपं कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लटकत धरा. थोड्या वेळात कापातून दुधी धागा खाली उतरताना दिसला तर मर. यावर फवारणी नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनं या रोगाला टिकणाऱ्या ‘गोवा ब्रिंजल’ मालिकेतल्या जाती काढल्या आहेत, त्यांची चौकशी करा. ताळगाव-आगशीच्या वांग्याची चव मला ठाऊक आहे, त्यामुळे हा सल्ला जड मनानं देते आहे.

प्रश्न : कोबी शेतात चांगला दिसतो. कापून पोत्यात भरला की दोन दिवसांत आतून पाणी सुटतं, असा वास की गाडीवाला पोती घेत नाही. यालाच घाण्या म्हणतात का?
— एक शेतकरी, पार्से (पेडणे)

उत्तर : नावं गावागणिक फिरतात, म्हणून वासावरून सांगते. निव्वळ काळ्या कुजीला फारसा वास नसतो. असा उग्र वास आणि बोट लावलं की आत जाणारा बुळबुळीत लगदा म्हणजे मऊ कूज, दुसरा जिवाणू. त्याचं आजचं नाव पेक्टोबॅक्टेरियम, जुन्या पुस्तकांत इर्विनिया. भाजीच्या पेशी एकमेकींना ज्या पेक्टिननं चिकटलेल्या असतात तेच तो विरघळवतो, म्हणून गड्डा सडण्यापेक्षा वितळल्यासारखा दिसतो. तो स्वतःहून अखंड सालीतून आत जाऊ शकत नाही. त्याला जखम लागते. अळीचं भोक, कोयत्याचा चरा, आदळलेला गड्डा, किंवा काळ्या कुजीनं आधीच मेलेला भाग. त्यामुळे दोन्ही रोग बऱ्याचदा एकाच गड्ड्यात सापडतात आणि दोष चुकीच्याला लागतो.

तुमची चूक शेतात कमी आणि कापल्यानंतर जास्त आहे. पहाटे, दंवात भिजलेला कोबी कापू नका. पानं वाळू द्या, मग कापा, आणि ऊन तापायच्या आत सावलीत न्या. बाहेरची दोन-तीन पानं गड्ड्यावर राहू द्या, तीच त्याची गादी. बाजारात ती काढता येतात. ताजा दिसावा म्हणून पाणी मारण्याची सवय तर सोडाच. पोत्याऐवजी जाळीचे क्रेट, देठ खाली, आणि दाबून भरणं नको. एक लगदा झालेला गड्डा खालच्या सगळ्यांवर पाझरतो, म्हणून भरण्याआधी प्रत्येक गड्ड्याचा देठ बघा. मऊ किंवा काळसर असेल तो बाजूला. कोयता अधूनमधून पुसून ब्लीचच्या पाण्यात बुडवा, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. घरी आल्यावर धुऊन तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंजेल.

आणि हो, आपल्याकडे शीतगृहाशिवाय कोबी साठवण्याचा नाद करू नका. त्याला शून्य अंशाच्या आसपास ठेवावं लागतं. भाव वाढेल म्हणून पोती दोन दिवस पडवीत ठेवली की भाव वाढण्याच्या आत वास वाढतो. बेळगावचा माल रोज पहाटे येतो, त्याच्याशी स्पर्धा टिकाऊपणात नाही, ताजेपणात आहे. कापला त्या दिवशी विका.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या कोबीच्या शिरा आतून काळ्या निघाल्या. खाल्ला तर अपाय होईल का? आणि पानं गायीला घातली तर?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : हा जिवाणू वनस्पतींचा, माणसांना त्याचा संसर्ग होत नाही. काळा भाग कापून टाका, बाकीचा घट्ट आणि बिनवासाचा असेल तर खुशाल भाजी करा. बुळबुळीत किंवा वास येणारा असेल तर सगळा टाका, कारण सडक्या भाजीवर आणखी काय काय वाढलं असेल ते सांगता येत नाही. गायीला ताजी पानं थोडी चालतात, पण कोबीचा ढीग एकदम घालू नका, पोट फुगतं.

तुम्ही परसात कोबी लावणार असाल तर मात्र एक काळजी घ्या. बाजारच्या कोबीची वरची पिवळी-काळी पानं रोपांच्या वाफ्याजवळ आच्छादन म्हणून पसरू नका, त्या वाफ्याला जाणाऱ्या अर्धवट कुजलेल्या खतातही टाकू नका. बाहेरून रोग घरात येण्याची ती सगळ्यात सोपी वाट आहे. नारळाच्या आळ्यात, हातभर मातीखाली पुरलीत तर नारळाला खत होईल आणि तिथे कोबीचं कुणी सोयरंधायरं नाही.